हॉलची चावी कोणाकडे असते?

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, मुलांना आणि दुबळ्या मोठ्या माणसांना अत्याचारापासून जपायला सुरक्षा समिती नेमली त्या दिवशीची गोष्ट. पत्रक छापायचं, एखाद्या रविवारी प्रवचनात विषय घ्यायचा, वकील बोलावून भाषण ठेवायचं, असं सगळं बोलून झालं. फादर माझ्याकडे वळले. "टीचर, तुम्ही गप्पच आहात." मी म्हटलं, "फादर, आधी चाव्या मोजू या."

वहीत पॅरिश हॉलच्या तीन चाव्या होत्या. विचारत विचारत गेलो तर सात निघाल्या. एक ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ चार वर्षांपूर्वी विरारला राहायला गेलेले. एक गायनवृंदातल्या पोराकडे, कारण कीबोर्ड आत ठेवावा लागतो. नाताळच्या गोठ्याच्या मूर्ती ज्या खोलीत ठेवतो, तिची दुसरी चावी कोणाकडे आहे हे शेवटपर्यंत कळलं नाही. कुलूपच बदललं. समितीचा तो पहिला खर्च.

मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातली. मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं आणि त्यातली वीस वर्षं रविवारी धर्मशिक्षणाचे वर्गही घेतले. वकील नाही, समुपदेशकही नाही. तुमच्या धर्मग्रामात हे काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर आम्ही काय केलं आणि मी कुठे चुकले ते सांगते.

आधी आवार फिरा

रविवारच्या शेवटच्या मिस्सेनंतर, म्हणजे उपासनेनंतर, दोघातिघांनी वही घेऊन आवार फिरायचं. एकदा उजेडात, एकदा संध्याकाळी नोव्हेनाची प्रार्थना सुटल्यावर. कोणती खोली आतून बंद होते? कोणत्या दाराला काच नाही? शौचालयाकडे जाताना दिवा आहे का? आमचं शौचालय चर्चच्या मागे, केळीच्या वाडीला लागून. तिथला दिवा कधीचा गेलेला, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याने सांगितलं असेल.

सॅक्रिस्टीकडे, म्हणजे वेदीलगतच्या तयारीच्या खोलीकडे, जास्त लक्ष द्या. मिस्सेत फादरांना मदत करणारी वेदीसेवक मुलं तिथे झगे चढवतात, मोठी माणसं तिथेच वावरतात, आणि मिस्सेआधीच्या घाईत कोणी कोणाकडे बघत नाही. आम्ही आतली कडी काढून टाकली आणि दार उघडं राहावं म्हणून भिंतीला आकडा बसवला. मुलं घरूनच शर्ट-पँट घालून येतात, झगा फक्त वरून घालायचा, कपडे बदलायचे नाहीत. फादरांच्या घरात मुलांनी तळमजल्यावरच्या ऑफिसपर्यंतच जायचं, जिन्यावर नाही. ऑफिसच्या दाराला काच बसवली. सुताराने विचारलं, "कशाला?" फादरच म्हणाले, "माझ्यासाठी." मला ते आवडलं.

पहिल्या कम्युनियनच्या (पहिल्यांदा प्रसादाची भाकर घेणाऱ्या) मुलांचं कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, आता बाजूच्या वेदीपाशी होतं. समोरासमोर दोन खुर्च्या, सगळ्यांना दिसेल पण कोणाला ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर. बंद खोलीत मूल आणि मोठं माणूस एकटे, हे कोणत्याही संस्कारासाठी लागत नाही.

बैठकीत कोणीतरी हटकून म्हणतं, सीसीटीव्ही लावा. लावा की, फाटकाजवळ लावा. पण जिथे भीती असते तिथे कॅमेरा लावता येत नाही, आणि लावलेल्याचं चित्रण रोज कोणी बघत नाही. कॅमेऱ्याच्या पैशात आम्ही चार दिवे आणि दोन काचा बसवल्या.

"आपल्या गावचाच तर आहे"

मुलांना त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. तो आधी आईबापांचा विश्वास कमावतो. मुलाला बाइकवर सोडतो, मोबाइलचं रिचार्ज मारून देतो, "तू सगळ्यांपेक्षा हुशार" म्हणतो, मग एखादं छोटं गुपित राखायला सांगून बघतो. मुलाने ते राखलं की पुढचं. त्यामुळे मुलांना पहिल्याच वर्गात एक गोष्ट सांगते: वाढदिवसाची गंमत लपवायची असते ती चार दिवसांत उघडी पडते, पण "कधीच कोणाला सांगू नकोस" असं मोठं माणूस म्हणालं, तर ते त्याच दिवशी घरी सांगायचं.

मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाकडून आम्ही एक अर्ज भरून घेतो, ओळखीच्या दोन माणसांची नावं घेतो (त्यातलं एक धर्मग्रामाबाहेरचं), आणि पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागतो. पॉक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा; त्याचे २०२० चे नियम मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांकडून कर्मचाऱ्यांच्या पडताळणीची आणि प्रशिक्षणाची अपेक्षा करतात. स्वयंसेवक म्हणजे कर्मचारी नव्हे, असा वाद घालणारे भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नका, अर्ज पुढे करा. पहिला अर्ज मी स्वतःचा भरला. सदुसष्ट वर्षांच्या बाईची पोलीस पडताळणी, म्हणून लोक हसले. पण मग कोणाला "माझ्यावर संशय घेता का?" म्हणायची सोय राहिली नाही.

प्रमाणपत्राचा अर्थ एवढाच, की त्या माणसाची नोंद सापडली नाही. म्हणून नवीन माणूस पहिले सहा महिने जुन्याच्या जोडीनेच काम करतो. बाहेरून रिट्रीटसाठी, म्हणजे प्रार्थना-शिबिरासाठी, कोणी धर्मगुरू आले तर त्यांच्या वरिष्ठांचं पत्र, ज्याला सेलेब्रेट म्हणतात, ते आधी मागवायचं. ही चर्चची जुनीच रीत आहे, आपण ती आदराच्या भरात विसरतो.

दोन मोठी माणसं

नियम एकच: बंद दाराआड एक मोठं माणूस आणि एक मूल, असं कधीच नाही. वर्ग असो, गाण्याची तालीम असो किंवा नाताळच्या कॅरलवरून रात्री घरी सोडणं असो. सोडायला गाडीत दोन मोठी माणसं, नाहीतर निदान दोन मुलं आणि शेवटच्या मुलाच्या आईला फोन. उपवासकाळात येशूच्या दुःखसहनाचं नाटक बसवतात तेव्हा मेकअप आणि कपडे हॉलमध्ये पडदा लावून, बाया मुलींकडे, पुरुष मुलांकडे, आणि तरीही दोघे-दोघे.

आमची खरी परीक्षा तामिळनाडूतल्या वेळांकण्णीच्या यात्रेत झाली. दोन रात्री रेल्वेत, मग लॉज. पूर्वी "मुलं कुठेही झोपतील" असं असायचं. आता बर्थची यादी घरून करून नेतो. मुलं वरच्या-मधल्या बर्थवर एकत्र, त्याच कप्प्यात दोन पालक. लॉजवर मूल आपल्या आईबापांच्या खोलीत. ज्याचे आईबाप आले नाहीत, त्याचं नाव ज्यांच्याकडे दिलं त्या कुटुंबाची सही. पहिल्या वर्षी कटकट झाली. दुसऱ्या वर्षी पालकच विचारायला लागले, "टीचर, बर्थची यादी झाली का?"

तेव्हाचे आमचे सहाय्यक फादर तरुण होते. बैठकीत जरा रागानेच म्हणाले, "म्हणजे आता मुलाच्या डोक्यावर हातही ठेवायचा नाही का?" ठेवा ना, फादर. मिस्सेनंतर चर्चच्या दारात, सगळ्यांच्या देखत ठेवा. हाच हात बंद खोलीत नको. खोटा आळ आला तर हाच नियम तुम्हाला वाचवेल, हेही त्यांना सांगितलं, पण मुद्दामच शेवटी. हा नियम आधी मुलांसाठी आहे.

फोनचं थोडक्यात. वेदीसेवकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आईबापांपैकी एकजण हवाच. कोणीही मोठ्याने मुलाला खासगी मेसेज करायचा नाही, "उद्या सहाला ये" एवढासुद्धा नाही. शिबिराचे फोटो टाकताना चेहऱ्याखाली नाव नको. मुलाचं अश्लील चित्र फोनमध्ये बाळगणं हासुद्धा गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. युवकांच्या ग्रुपवर "कोणीतरी फॉरवर्ड केलं" म्हणणाऱ्यांना हे जरूर वाचून दाखवा.

मूल बोलतं तेव्हा

इथे मी चुकले होते, म्हणून सावकाश सांगते.

फार वर्षांपूर्वी वर्गातला एक मुलगा, दहा वर्षांचा असेल, म्हणाला, "टीचर, मी आता वेदीवर जाणार नाय." मी विचारलं, का. तो म्हणाला, "तिकडचे अंकल चांगले नाय." मी त्याला दटावलं. मोठ्या माणसांबद्दल असं बोलू नये, देवाच्या घरात तर नाहीच. तो गप्प बसला आणि पुन्हा काही बोलला नाही. पंधरा वर्षांनी एका लग्नात, हॉलच्या मागे, त्याने मला उरलेलं सांगितलं. ते अंकल तोवर वारले होते. तो रागावलाही नव्हता. एवढंच म्हणाला, "मी तुम्हाला सांगितलं होतं."

मूल पूर्ण वाक्यात तक्रार करत नाही. "मला पोटात दुखतं", "मला त्या सरांकडे नको", असं काहीतरी बोलून ते तुमचं तोंड बघतं. तेव्हा हातातलं काम खाली ठेवायचं. "बरं झालं मला सांगितलंस" म्हणायचं. मग गप्प राहायचं. "त्याने इथे हात लावला का?" असं आपण सुचवायचं नाही. "मग काय झालं?" एवढं पुरे. पुन्हा पुन्हा वदवून घ्यायचं नाही, चार जणांसमोर उभं करायचं नाही, आणि "मी कोणाला सांगणार नाही" असं वचन कधीही द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही. "ज्यांना सांगायला हवं, फक्त त्यांनाच सांगेन" एवढं म्हणता येतं.

मूल गेल्यावर लगेच त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. आमच्याकडची मुलं घरी सामवेदी ही बोली बोलतात, मग सामवेदीतच लिहा, शुद्ध मराठी करू नका. तारीख, वेळ, खाली तुमची सही. अंगावरचे कपडे धुवायचे नाहीत, फोनवरचे मेसेज पुसायचे नाहीत. मूल दुखावलेलं असेल तर आधी सरकारी दवाखान्यात न्या. एफआयआर नोंदली नाही म्हणून उपचार किंवा तपासणी अडवता येत नाही.

आणि तुम्ही चौकशी करायची नाही. खरं की खोटं, हे ठरवणं तुमचं काम नाही, माझं नाही, पॅरिश कौन्सिलचं तर नाहीच. आरोप ज्याच्यावर आहे त्याला "जरा विचारून बघू" म्हणून फोन केला, की पुरावा गेला आणि मूल तोंडावर पडलं.

पोलीस आधी, बैठक नंतर

पॉक्सो कायदा नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठराच्या आतलं कोणीही म्हणजे मूल, मग मुलगा असो की मुलगी. कलम १९ प्रमाणे गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं, किंवा होईल अशी धास्ती ज्याला वाटली, त्याने पोलिसांना कळवायचं. प्रत्येकाने. कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर वर्षापर्यंत कैद. चांगल्या हेतूने माहिती दिली तर नंतर काही सिद्ध झालं नाही तरी तुमच्यावर कारवाई होत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहाचं प्रकरण आमच्या समितीत मी वाचून दाखवलं. आदिवासी मुलींवर अत्याचार झाले, त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरवर न कळवल्याचा आरोप होता, आणि उच्च न्यायालयाने त्याच्यावरचा खटला रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला पुन्हा उभा केला आणि म्हटलं, की माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बरेचदा तो गुन्हेगाराला वाचवायचाच प्रयत्न असतो. ऐकल्यावर कौन्सिलमधले एक वडीलधारे, ज्यांनी आयुष्यभर गावातली भांडणं आपसात मिटवली, हळूच म्हणाले, "म्हणजे हे मिटवायचं नसतं." नसतं, काका. जमिनीच्या बांधाचं मिटवा. हे नाही.

प्रत्यक्ष कसं करायचं? १०९८ ही मुलांची हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट. ११२ पोलिसांची. किंवा सरळ ठाण्यात जा. आमच्याकडे २०२० पासून मिरा-भाईंदर वसई-विरार आयुक्तालय आहे. हद्दीचं कारण सांगून कोणी परत पाठवायला लागलं तर "झिरो एफआयआर" (हद्द कोणाचीही असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणारी तक्रार) हे दोन शब्द शांतपणे उच्चारा, आणि माहिती न नोंदवणं हासुद्धा कलम २१ खाली गुन्हा आहे हे त्याहून शांतपणे. बदलापुरात २०२४ च्या ऑगस्टमध्ये चिमुरड्यांच्या आईबापांना ठाण्यात तासन्‌तास बसवून ठेवलं आणि मग लोक रेल्वे रुळांवर उतरले, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. सोबत दोघे जा. एकाने बोलायचं, एकाने वेळ लिहून ठेवायची.

आईबापांना सर्वांत जास्त भीती "पोरीला ठाण्यात बसवतील" याची असते. त्यांना सांगा: मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हवं तिथे घेतात, शक्यतो महिला अधिकारी, गणवेशात नाही, आईबाप किंवा मुलाला भरवशाचं वाटणारं माणूस जवळ. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते. नाव-गाव छापता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात छापून ठेवा. त्या रात्री कोणालाही काही आठवत नाही.

धर्मप्रांताला, म्हणजे बिशपांच्या कार्यालयाला, कळवणं हे याच्या नंतर, किंवा सोबत. याच्याऐवजी कधीच नाही. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये 'वोस एस्तिस लुक्स मुंदी' (तुम्ही जगाचा प्रकाश आहात) हा नियम काढला आणि २०२३ मध्ये कायम केला. त्यानुसार धर्मगुरूंनी आणि सिस्टरांनी अशी गोष्ट कळली की वरिष्ठांना कळवलीच पाहिजे, प्रत्येक धर्मप्रांतात तक्रारीची उघडी सोय हवी, तक्रार करणाऱ्यावर गप्प राहण्याची अट घालता येत नाही, आणि खुद्द बिशपांविरुद्धही तक्रार करता येते. देशाच्या कायद्याप्रमाणे कळवायची जबाबदारी त्याने सुटत नाही, हेही त्यातच आहे. २०१९ च्या डिसेंबरात अशा खटल्यांची माहिती बाहेर न देण्याचं, पोपची गुप्तता म्हणतात ते, बंधनही उठलं. कन्फेशनमधलं गुपित मात्र चर्चच्या कायद्याप्रमाणे धर्मगुरू कोणत्याही कारणाने फोडू शकत नाहीत. ते मुलाला "हे बाहेर अमक्या टीचरना सांग" एवढं म्हणू शकतात. पण ऑफिसात, अंगणात, फोनवर सांगितलेलं म्हणजे कन्फेशन नव्हे. आणि तुम्हाआम्हाला तर तसलं कोणतंच बंधन नाही.

"फादर असं करणारच नाहीत" हे वाक्य मी सगळ्यांत जास्त ऐकलं. पॉक्सो कायदा धार्मिक संस्थेच्या माणसाने केलेला गुन्हा अधिक गंभीर मानतो. मुंबईत २०१५ साली एका लहान मुलावर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात विशेष न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये एका धर्मगुरूला जन्मठेप सुनावली. हे सांगताना मला आनंद होत नाही. माझा स्वतःचा भाऊ धर्मगुरू आहे.

चौकशी चालू असेपर्यंत तो माणूस, कोणीही असो, मुलांपासून दूर. वेदीवरून नाव घेऊन जाहीर करायचं नाही, आणि "त्यांच्यासाठी प्रार्थना करा" म्हणत कुटुंबाला एकटं पाडायचं नाही. रविवारी त्या कुटुंबाच्या शेजारी बाकावर कोणीतरी जाऊन बसावं. आमच्याकडे हे ठरवून करतो, नावं वाटून.

ज्यांची मुलं परदेशी आहेत

पत्रकात "असहाय प्रौढ" असा शब्द असतो आणि सगळे फक्त मुलांचंच बोलतात. आमच्या गावात मोठमोठी घरं आहेत आणि त्यात एकेक म्हातारी. मुलं आखातात, कॅनडात. पहिल्या शुक्रवारी घरी कम्युनियन घेऊन जाणारे आमचे एक सेवक एका आजींचं एटीएम कार्डही वापरत होते, "त्यांना चालवत नाही म्हणून". मला कळलं ते आजींच्या औषधाच्या डब्यात गोळ्या नव्हत्या म्हणून. पैसे नव्हते.

तेव्हापासून घरी जाणारेही दोघे-दोघे, आणि वहीत नोंद. पैसे, कार्ड, सही, अंगठा, दागिने, यातल्या कशालाही सेवकाने हात लावायचा नाही. बँकेचं काम असेल तर नातलगाला फोन. कागदावर सही मागायला कोणी येऊन गेलं का, हे सहज विचारायचं. आमच्याकडे जमिनीला सोन्याचा भाव, त्यामुळे हा प्रश्न फालतू नाही. सांभाळ करण्याच्या अटीवर जागा लिहून दिली आणि सांभाळ झाला नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे तो व्यवहार रद्द करून घेता येतो. अर्ज न्यायाधिकरणाकडे, म्हणजे प्रांताधिकाऱ्यांकडे. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, बायांसाठी १८१. अपंग व्यक्तीवर अत्याचार होतोय असं वाटलं तर २०१६ च्या कायद्याने कोणालाही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवता येतं, आणि तहसीलदार म्हणजे तेच.

मुलांच्या बाबतीत आपण विचारत बसत नाही, कळवतो. मोठ्या माणसाला समज असेल तर आधी त्यालाच विचारायचं, "तुम्हाला काय व्हायला हवंय?" त्या आजी म्हणाल्या, "पोलीस नको, कार्ड परत हवं, आणि तो माणूस दारात नको." कार्ड आणलं, बँकेत पिन बदलून घेतला, त्या सेवकाचं काम थांबवलं. मला स्वतःला पोलिसांत जावंसं वाटत होतं. पण आजींना सगळं समजत होतं, आणि निर्णय त्यांचा होता. गतिमंद तरुण किंवा स्मृतिभ्रंश झालेला माणूस असता तर मी थांबले नसते.

हेल्पलाइनचे नंबर नोटीस बोर्डावर लावू नका, तिथे उभं राहून कोणी वाचत नाही. शौचालयाच्या दाराला आतून चिकटवा, सात वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. समितीतली एक बाई आणि एक पुरुष यांचे फोनही त्यावर, कारण काही मुलं बाईशी बोलतात आणि काही बोलत नाहीत.

दर जूनमध्ये, धर्मशिक्षणाचे वर्ग सुरू व्हायच्या आधी, आवार पुन्हा फिरतो. यंदा सॅक्रिस्टीच्या दाराचा आकडा रंग देताना कोणीतरी काढून ठेवला होता. पुन्हा बसवला. शौचालयाकडचा दिवा चालू होता. हॉलच्या चाव्या वहीत तीन, हाती लागल्या चार. चौथी कोणी करून घेतली, ते शोधतोय.